छत्तीस नंबर

गेल्या महिन्यात माझ्या खालच्या डाव्या दाढेला सी-वन मिळाला.

मुंबईत जुन्या इमारतीत राहणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. महापालिका धोकादायक इमारतींची प्रतवारी करते. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-टू-बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-टू-ए म्हणजे माणसं हलवून मोठी दुरुस्ती. आणि सी-वन म्हणजे विषय संपला, रिकामी करा आणि पाडा. मी १९८८ साली पालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि २०२१ साली अठ्ठावन्न पूर्ण करून घरी आलो. मधल्या ३३ वर्षांतली बरीचशी लोकांच्या दारावर पालिका कायद्याच्या कलम ३५४ च्या, म्हणजे धोकादायक इमारतीच्या, नोटिसा चिकटवण्यात गेली. नोटीस आली की माणूस कसा वागतो हे मला तोंडपाठ होतं. तरी मी तसाच वागलो.

ओल तर दोन वर्षांपासून दिसत होती. हिरडीवर मुगाच्या डाळीएवढी पुळी यायची, चार दिवसांनी फुटायची, तोंडात खारट-कडवट चव यायची आणि मग सगळं शांत. दुखत काहीच नव्हतं. भिंतीला ओल आली की वरून रंग मारून घेणाऱ्या सोसायट्यांना मी आयुष्यभर हसत आलो, आणि इथे स्वतः मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुढच्या पुळीपर्यंत निवांत होत होतो.

मग यंदाची गटारी आली. ४ ऑगस्टला, नेमकी रविवारी, म्हणजे कुणाला रजाही टाकावी लागली नाही. ताटात मटणाची नळी होती. नळी चोखायची असते, चावायची नसते, हे मला आईने पाचव्या वर्षीच सांगितलेलं. पण श्रावण तोंडावर आला की माणसाचा विवेक जातो. कट् असा आवाज झाला. आधी वाटलं नळीचाच झाला. पुढचा घास चावताना काही नाही, पण चावून दात उघडताना अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणीच आलं. दाबताना नाही, सोडताना. तिथेच मला कळायला हवं होतं. भार काढला की जो हलतो, तो सांधा नसतो. ती भेग असते.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. दोन इमारती सोडून तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर आमच्याच नगरातली मुलगी. तिला समोरच्या मैदानात लंगडी खेळताना पाहिलंय. ती मला काका म्हणते. मी तिला बाहेर नावाने हाक मारतो आणि खुर्चीत बसलो की डॉक्टर म्हणतो. खुर्ची मागे झुकली की वयाचा मान आपोआप उलटा होतो.

तिने काय केलं ते मी अभियंत्याच्या नजरेने बघत होतो. आधी छोट्या आरशाच्या दांड्याने एकेका दातावर टकटक केलं. हा आमचा रिबाउंड हॅमर, काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद बघायचं हत्यार. शेजारच्या दातांवर काही नाही, या दाढेवर मी खुर्चीतून उडालो. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून मोजायला लागली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगू लागली. “थ्री-सिक्स. दोन, तीन, दोन, तीन…” मग थांबली. परत त्याच जागी सळई घातली. “नऊ.”

सगळीकडे दोन-तीन आणि एकाच जागी नऊ. पाया सगळीकडून खचलेला असला तर आकडे सगळीकडेच मोठे आले असते. एकाच चिंचोळ्या रेषेत खोल जातंय, म्हणजे त्या रेषेत मूळ उभं तडकलेलं असण्याची शक्यता फार. हे तिने मला नंतर सांगितलं. पण “नऊ” म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला, त्यावरून मला अंदाज आला होता. मीही नोटीस देण्याआधी आवाज असाच खाली घ्यायचो.

आणि हो, थ्री-सिक्स म्हणजे छत्तीस. डेंटिस्ट लोक तोंडाचे चार भाग करतात: आपला वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मोजत जायचं, अक्कलदाढ आठवी. म्हणजे तिसऱ्या भागातला सहावा. ते “तीन-सहा” असं वाचतात, मी सरळ छत्तीस वाचलं. दोन वर्षं त्या दाढेचं आणि माझं तेच चाललं होतं.

या छत्तीस नंबरचा इतिहास मोठा आहे. ही दाढ सहाव्या-सातव्या वर्षी येते, म्हणजे माझी आली ती १९७० च्या आसपास, लालबागच्या चाळीत. गोष्ट साधी आहे, पण बऱ्याच आईबापांना ठाऊक नसते: ही दाढ कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. काही पडत नाही, काही हलत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं हीही दुधाचीच, किडली तरी पडणारच आहे. माझ्या आईलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे पडलेला दात कौलांवर फेकायची पद्धत होती, उंदराने नेला की नवा उंदरासारखा धारदार येतो म्हणून. माझे चार-पाच दात त्या कौलांवर गेले असतील. ही मात्र पडायचं नावच घेईना. तिला कीड लागली ती तशीच राहिली. बाबा गिरणीत, त्यांची मशेरी. आईची माकडछाप काळी पावडर. माझ्या वाट्याला कधी हे, कधी ते, आणि दुखलं की कापसात लवंगेचं तेल.

१९८३ साली मी माटुंग्याला डिप्लोमा करत होतो तेव्हा ती पहिल्यांदा खरी ठणकली. नायर डेंटलला गेलो, मुंबई सेंट्रलला. पालिकेचंच कॉलेज आहे, १९३३ पासूनचं, आणि तेव्हा आमच्यासारख्यांना दातांसाठी दुसरं दार माहीत नव्हतं. माझ्या वयाचाच एक विद्यार्थी होता. त्याने चांदीची भुकटी आणि पारा छोट्या खलात घोटला, कापडात पिळून जास्तीचा पारा काढला आणि थोडं थोडं करून खड्ड्यात ठासलं. हात जरा कापत होता. मग सर आले, त्यांनी पाहिलं, एका जागी बोट दाखवलं, त्याने ती जागा परत खरवडली. मला आठवतं, तेव्हा वाटलं होतं की याचंही आमच्यासारखंच सबमिशन चाललंय. ते सबमिशन पंचवीस वर्षं टिकलं. माझी त्या वर्षीची एकही ड्रॉइंग शीट पंचवीस दिवस टिकली नाही.

२००८ मध्ये आत परत कीड गेली. मग दादरला रूट कॅनल आणि वर कॅप. तेव्हाच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं: रूट कॅनल करताना दाताचा बराच गाभा जातो, भिंती पातळ राहतात, म्हणून त्यांना सगळीकडून धरून ठेवायला वर कॅप. मी म्हटलं, कळलं, कॉलमचं जॅकेटिंग. ते हसले नाहीत. जॅकेटिंग, म्हणजे कमकुवत खांबाभोवती नवं वेष्टन, आम्हीही किती खांबांना केलं. त्याने खांब सावरतो, पण आतलं काँक्रीट नवं होत नाही.

तर आता २०२४. तिने एक्स-रे स्क्रीनवर लावला. दाढेला दोन मुळं, एक पुढचं, एक मागचं. मागच्या मुळाभोवती काळपट सावली होती. नुसती टोकाशी गोल असती तर वेगळी गोष्ट, म्हणाली. इथे ती टोकाला वळसा घालून मुळाच्या बाजूने वर चढत गेली होती, इंग्रजी जे अक्षरासारखी. “काका, काढावी लागेल.”

आणि मी सुरू झालो.

अजून चार-पाच वर्षं तर जाईल ना? दुखत तर नाहीये फारसं, मी उजव्या बाजूने चावेन. कॅप काढून नवी घातली तर? चिकटवता येत नाही का, आजकाल काय काय निघालंय. मग म्हटलं, दोन मुळं आहेत ना, एकच खराब आहे, तर अर्धीच काढा. हा प्रश्न मात्र मूर्खपणाचा नव्हता. असं करतात म्हणे कधीकधी, वाईट मूळ कापून काढायचं आणि चांगलं ठेवायचं. पण माझी भेग दोन मुळांमधल्या कमानीतून आरपार गेली असावी असा तिचा अंदाज होता. शेवटी मी म्हणालो, “बघ, आपल्याला काय घाई आहे? पाऊस जाऊ दे.”

पाऊस जाऊ दे! हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. दर मे महिन्यात पावसाळ्याआधी यादी लागायची, आम्ही नोटिसा घेऊन निघायचो आणि लोक म्हणायचे, साहेब, एवढा पाऊस जाऊ दे, गणपती होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे. आम्ही म्हणायचो, अहो पाऊस येणार म्हणूनच सांगतोय. आता मला खुर्चीत आडवं पडून, तोंडात कापूस असताना, स्वतःचाच आवाज ऐकू येत होता.

दादरच्या एका बाई आठवल्या. वीसेक वर्षं झाली असतील. तीन मजली इमारत, लाकडी जिने, दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. नोटीस हातात घेऊन त्यांनी पूर्ण वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “नक्की काय तुटलंय ते मला दाखवा तरी.” भांडण नाही, रडणं नाही. एवढंच. मला त्या दिवशी अजून चार इमारती करायच्या होत्या. मी म्हटलं, आजी, रिपोर्टमध्ये सगळं आहे, ऑफिसला येऊन बघा. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी चहा न घेता खाली उतरलो. मागच्या जिन्याखालची तुळई कुजून हाताने भुगा होत होती. त्यांच्या दारापासून बावीस पायऱ्या खाली.

मी डॉक्टरला म्हणालो, “मला दाखव तरी.”

तिने कॅप काढली. त्यातच पाऊण तास गेला, कारण जुनं सिमेंट सोडत नव्हतं. मग आत निळा रंग लावला, मिनिटभर ठेवला, धुतला. माझ्या हातात आरसा दिला आणि तोंडात दिवा धरला. पांढरट-तपकिरी तळ होता आणि त्यातून पुढून मागे एक बारीक निळी रेषा, केसासारखी. भेगेत रंग राहतो, बाकीचा धुऊन जातो. वेल्डिंगच्या सांध्यांवर आम्ही हीच चाचणी लाल रंगाने करतो. मी बघत राहिलो. मग विचारलं, “कधी काढायची?”

तरी दुसरं मत घेतलंच, दादरला. पालिकेत दोन सल्लागारांचे ऑडिट रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इथे दोघेही एकच बोलले, त्यामुळे समिती बसवायची वेळ आली नाही. बायको म्हणाली, “टॅक्सीला पैसे घालवून आलात, आता झालं समाधान?” झालं.

२४ ऑगस्ट, शनिवार, सकाळी अकरा. मला वाटलं होतं उपाशीपोटी बोलावतील, तर उलट नीट खाऊन यायला सांगितलं होतं. रक्तदाबाच्या गोळीबरोबर मी रक्त पातळ ठेवणारी एक बारीक गोळीही घेतो. ती मी स्वतःच्या मनाने दोन दिवस बंद करणार होतो. बरं झालं आधी विचारलं. तिने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला आणि मला दम दिला, एकही गोळी चुकवायची नाही; रक्त जरा जास्त वेळ झिरपेल, ते मी बघेन, पण गोळी बंद केल्याने दुसरंच काही झालं तर ते मला खुर्चीत बघता येणार नाही. मग रक्तदाब मोजला. १५०-९०. म्हणाली, “काका, घाबरलात?” म्हटलं, “नाही गं, जिना चढून आलो.” दवाखाना तळमजल्यावर आहे.

पाडकामाआधी पाणी आणि वीज तोडायची असते. इथेही तेच. वरच्या दातांना म्हणे जवळच टोचलं तरी चालतं, पण खालच्या जबड्याचं हाड मागे घट्ट असतं, औषध त्यातून झिरपत नाही. म्हणून नस जिथे जबड्याच्या हाडात शिरते तिथेच, पार मागे, सुई घालतात. एकेक नळ बंद करत बसण्यापेक्षा मेन कॉकच बंद. आधी हिरडीला गोडसर जेल लावलं, मग सुई. सुई दुखली, खोटं कशाला बोलू, पण दहा आकडे मोजेपर्यंत. लिग्नोकेन होतं, त्यात किंचित अ‍ॅड्रिनलिन, रक्तवाहिन्या आकसून औषध तिथेच रेंगाळावं म्हणून. थोडी धडधड झाली, गेली. पाच मिनिटांत अर्धी जीभ, अर्धा ओठ आणि अर्धी हनुवटी दुसऱ्या कुणाची तरी झाली. बोट लावलं तर बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं.

“दुखणार नाही, पण दाब कळेल,” ती म्हणाली. “दुखलं तर डावा हात वर करा.”

हे वाक्य सगळे डेंटिस्ट म्हणतात, आणि त्यात लबाडी नाही हे मला त्या दिवशी कळलं. वेदना नेणाऱ्या बारीक तारा आधी बधिर होतात, दाब कळवणाऱ्या जाड तारा जाग्या राहतात. त्यामुळे कुणीतरी आपल्या डोक्यावर कपाट सरकवतंय एवढं कळतं आणि दुखत मात्र नाही. ही अवस्था विचित्र आहे. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

दाढ ओढून काढतात असं मी समजत होतो. ओढणं अगदी शेवटी येतं, आणि तेही थोडंच. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो, पुलाच्या गर्डरखाली रबराची बेअरिंग असते तसा. दात त्यावर टांगलेला असतो. ते तंतू तोडायचे, मग एका बाजूने पातळ पात्याचं हत्यार घालून पिळायचं, हाडातला खड्डा हळूहळू रुंद करायचा. आमच्या नगरात मंडपवाले गणपतीनंतर बांबू काढताना बघा. आधी धरून गोल हलवतात, मगच वर उचलतात. माझी दाढ मात्र रूट कॅनलची, ठिसूळ, त्यात तडकलेली. तशीच धरली असती तर चुरा झाला असता. म्हणून तिने ड्रिलने दोन मुळांच्या मधोमध कापून दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा वेगळा काढायला घेतला.

आवाज. त्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. ड्रिलचा आवाज कानातून येतो, तो सहन होतो. पण मूळ हाडातून सुटताना जो करकर आवाज होतो तो कानातून येतच नाही, तो कवटीतूनच निघतो. जुन्या लाकडी दाराची बिजागरी. मी डोळे मिटून छतावरच्या पंख्याचा विचार करत होतो. बाहेर रस्त्यापलीकडे पुनर्विकासाचं काम चालू होतं, ब्रेकर खडखडत होता. मध्येच दोन्हीकडचं काम एकदम थांबलं. मग मदतनीस मुलगी म्हणाली, “चहाची सुट्टी झाली वाटतं त्यांची.” मला हसू आलं, पण अर्ध्याच तोंडाला.

पुढचं मूळ सहज आलं. मागच्याने वीस मिनिटं घेतली. मग आतली सडलेली पुळी खरवडून काढली, मिठाच्या पाण्याने धुतलं, दोन्ही बाजूंनी बोटांनी खड्डा दाबला, एक टाका घातला, वर कापसाची घडी ठेवली. “पंचेचाळीस मिनिटं घट्ट चावून धरा. बोलायचं नाही.” आयुष्यात पहिल्यांदा बायकोने कुठल्या डॉक्टरचे इतके मनापासून आभार मानले.

दाढ बघायला मागितली. तिने ट्रेमध्ये दोन्ही तुकडे दाखवले. जिवंतपणी केवढी वाटत होती, हातात आली तर कच्च्या शेंगदाण्याएवढी. मागच्या मुळावरून वरपासून खालपर्यंत काळी रेषा होती. नखाला लागत होती.

घरी कागद आला, त्यावर काय करायचं नाही याचीच यादी मोठी. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम नाही, सिगारेट-तंबाखू नाही, आणि स्ट्रॉने काही ओढायचं नाही. शेवटचं मला गंमतीचं वाटलं. भाऊ शहाळं घेऊन आला होता, तर स्ट्रॉ काढून ग्लासात ओतून प्यावं लागलं. कारण ऐकल्यावर पटलं: खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि खालच्या उघड्या हाडावर तेच पांघरूण. थुंकताना किंवा ओढताना तोंडात जी पोकळी होते, तिने ती उचकटते. मग हाड उघडं पडतं आणि दोन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. खोदलेल्या पायातला भराव पहिल्याच दिवशी पंपाने उपसून काढण्यासारखं.

पहिल्या रात्री उशीवर गुलाबी डाग पाहून मी उठून बसलो. थुंकीत मिसळलं की चार थेंब रक्त वाटीभर दिसतं, हे तिने सांगून ठेवलं होतं, पण रात्री तीनला ते आठवत नाही. आई एकाच वाक्यात म्हणाली, “झोप, माझे एका दिवसात तीन काढले होते.” आईची पूर्ण कवळी आहे. ती रात्री स्टीलच्या डब्यात असते आणि त्यामुळे रात्रीचं तिचं बोलणं जरा फुसफुस येतं, पण अधिकार कमी होत नाही. सकाळी तिने थंड केलेली पेज दिली, दुपारी मऊ भात आणि ताक. साठी उलटलेला मुलगा पेज खातोय हे बघून तिला कुठेतरी बरं वाटत होतं.

मंगळवारी दहीहंडी. तिसरा दिवस, म्हणजे ठणका लागायचा तर आजच, असं माझं गणित. गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून डीजे. खिडकीची काच थरथरत होती आणि मी गाल धरून बसलो होतो: हा माझा ठणका की त्यांचा? त्यांचाच निघाला. कोमट पाण्यात मीठ घालून हलक्या गुळण्या सुरू केल्या होत्या, सूज उतरत होती. शनिवारी टाका निघाला. गणपतीला उकडीचे मोदक उजव्या बाजूने पाच खाल्ले. सहावा डाव्या बाजूने खाऊन पाहिला आणि खोबरं खड्ड्यात अडकलं.

जीभ दिवसभर तिथेच जाते. रिकाम्या प्लॉटवर मुलं खेळायला जातात तशी. आता प्रश्न त्या प्लॉटचा. तसाच ठेवला तर मागची दाढ पुढे कलते, वरची हळूहळू खाली उतरते, अतिक्रमण अगदी नियमाने होतं. इम्प्लांटचं विचारलं. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला येऊन चिकटतं. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं, हाडाचंच काहीतरी बघायला. नंतर काढायला गेला तर ते निघेचना. त्यातून ही कल्पना आली आणि १९६५ साली पहिल्या माणसाला बसवलं. मला हे पाइल फाउंडेशन फार आवडलं. चाळीस हजारांचा आकडा तेवढा आवडला नाही. पण हाड भरायला तीन-चार महिने थांबायचंच आहे, तोवर विचार करू.

दाढेचे दोन तुकडे मी मागून आणले होते. माझ्या टेबलाच्या खणात एका पाडलेल्या इमारतीच्या काँक्रीटचा कोअर आहे, लांबट गोल, पेपरवेट म्हणून वापरतो. त्याच्या शेजारी काडेपेटीत ठेवलेत. बायको दर रविवारी सांगते, “ते आधी टाका.” दर रविवारी मी हो म्हणतो.

आमच्याही इमारतीचं ऑडिट झालंय. गेल्या रविवारी सोसायटीची सभा होती आणि तळमजल्यावरचे आजोबा नेहमीप्रमाणे उभे राहिले. “पन्नास वर्षं उभी आहे, अजून दहा वर्षं सहज जाईल. रिपोर्ट काय, पैसे दिले की मिळतो.” सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी रिपोर्टमधले आकडे वाचून दाखवले असते. त्या दिवशी त्यांना म्हटलं, “आजोबा, चला माझ्याबरोबर.” टॉर्च घेतला, हातोडी घेतली आणि त्यांना हाताला धरून मागे पंपाच्या खोलीत नेलं. कोपऱ्यातल्या खांबावर हलकेच मारलं. पोकळ आवाज आला. प्लास्टरचा पोपडा सुटला आणि आतली सळई दिसली, गंजून फुगलेली, पापुद्रे सुटलेली. त्यांनी वाकून बघितलं. टॉर्च माझ्या हातातून घेऊन परत बघितलं. बोट लावलं, गंज बोटाला आला, तो लुंगीला पुसला.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टॉर्च परत देत म्हणाले, “बरं. भाडं किती देणार म्हणतोय बिल्डर?”